‘पण यातून सांगायचंय काय?’

कथानक नाही. नायक किळसवाणा. एकाही पात्राबद्दल आपुलकी वाटत नाही. सगळंच अती, असं कुठे असतं का? लेखक अकाली गेला नसता तर या पुस्तकाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. आणि हे सगळं पोटात घातलं तरी, यातून लेखकाला सांगायचंय काय?

जॉन केनेडी टूल या अमेरिकन लेखकाच्या ‘अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस’ या कादंबरीविषयी हे आक्षेप मी इतक्यांदा ऐकले आहेत की पुस्तकाचं नाव निघालं की पुढे काय येणार हे मला पाठ झालं आहे. बोलणारे वाचनात कच्चे नसतात. त्यांनी काफ्का वाचलेला असतो, बेकेटचं नाटक पाहिलेलं असतं. माणूस सकाळी जागा होतो तो किडा होऊन, तिथे ‘असं कुठे असतं का’ असं त्यांच्या मनातही येत नाही. दोन माणसं झाडाखाली कुणाची तरी वाट बघत राहतात आणि तो येतच नाही, तिथे कथानक नसल्याची तक्रार नसते. उलट तिथे सगळे माना डोलावतात. तोच विक्षिप्तपणा एखाद्या नवख्या लेखकाने पोट धरधरून हसवत मांडला, की याच वाचकांना एकाएकी शिस्त आठवते. नायक सज्जन हवा, गोष्ट सरळ हवी, शेवटी हातात काहीतरी पडायला हवं. गंभीर लेखकाला माफ असलेलं सगळं हसवणाऱ्याला गुन्हा कसं ठरतं? या दुटप्पीपणाची मला मनापासून चीड आहे.

‘सांगायचंय काय’ हा शेवटचा प्रश्न या कादंबरीच्या बाबतीत नवा नाही. छापली जाण्याआधीच तो तिला विचारला गेला होता. टूल १९३७ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मला. लष्करात असताना प्वेर्तो रिकोत, स्पॅनिश बोलणाऱ्या नव्या शिपायांना इंग्रजी शिकवता शिकवता १९६३ साली त्याने ही कादंबरी लिहायला घेतली. हस्तलिखित ‘सायमन अँड शूस्टर’च्या रॉबर्ट गॉटलिब या संपादकाकडे गेलं. दोघांचा पत्रव्यवहार बराच काळ चालला. गॉटलिबला लेखकाची कुवत कळली होती, पुस्तक मजेदार आहे हेही त्याला मान्य होतं. पण त्याचं म्हणणं असं की ही गंमत कशासाठी आहे ते दिसत नाही, पुस्तक कशाबद्दलच नाही. टूलने दुरुस्त्या केल्या आणि अखेर हस्तलिखित बाजूला ठेवलं. २६ मार्च १९६९ रोजी, एकतिसाव्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. पुढे त्याच्या आईने, थेल्माबाईंनी, कार्बन कागदावरची प्रत घेऊन दारोदार खेटे घातले. १९७६ मध्ये त्यांनी वॉकर पर्सी या कादंबरीकाराचा पिच्छा पुरवला. पर्सी तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या लॉयोला विद्यापीठात शिकवत होते. चार पानं वाचून हे बाजूला ठेवता येईल अशा आशेने त्यांनी प्रत उघडली, आणि ती त्यांना ठेवता आली नाही. १९८० साली लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसने पहिली आवृत्ती काढली ती अवघ्या २,५०० प्रतींची. १९८१ मध्ये तिला पुलित्झर मिळालं.

टूलच्या मृत्यूचं खापर गॉटलिबच्या माथी फोडणारे खूप आहेत. मी त्यांच्यातला नाही. माणसाच्या आतलं दुःख एका संपादकाच्या पत्राने ना सुरू होतं ना संपतं. माझं भांडण त्या प्रश्नाशी आहे. याच गॉटलिबने १९६१ साली जोसेफ हेलरची ‘कॅच-२२’ जिद्दीने उभी केली होती. तीही नवख्या लेखकाची पहिली कादंबरी, तीही विक्षिप्त विनोदी, आणि तिच्यावरही त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुस्तक-पुरवणीत कारागिरी नसल्याचा ठपका आला होता. मग फरक कुठे पडला? हेलरच्या कादंबरीत महायुद्ध होतं. बॉम्ब पडत होते, माणसं मरत होती, त्यामुळे तिथल्या हसण्याला परवाना मिळाला होता. टूलच्या कादंबरीत एक गलेलठ्ठ बेकार माणूस हॉट डॉगची गाडी ढकलतो. त्याच्या हसण्याला परवाना कुणी द्यायचा?

कथानक नसण्याचा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो सरळसरळ खोटा आहे. या कादंबरीत कथानक नाही असं म्हणणाऱ्याने ती पुरी वाचलेली नाही, किंवा वाचताना त्याचं लक्ष नव्हतं. नायक इग्नेशियस रायली हा मध्ययुगावर जीव टाकणारा, आजच्या जगाला शिव्या घालणारा तिशीतला पदवीधर. बोएथियस या जुन्या तत्त्वज्ञाचं पुस्तक म्हणजे त्याचा धर्मग्रंथ. आईच्या ओळखीतल्या मॅन्क्युसो या पोलिसाला तो ते पुस्तक वाचायला पाठवतो. मॅन्क्युसोला त्याच्या वरिष्ठाने शिक्षा म्हणून बस-स्थानकाच्या स्वच्छतागृहात पाळतीला बसवलेलं आहे. तिथे जॉर्ज नावाचा एक पोरगा ते पुस्तक त्याच्याकडून लांबवतो. हा जॉर्ज ‘नाइट ऑफ जॉय’ नावाच्या बारच्या मालकिणीसाठी शाळकरी मुलांना अश्लील फोटो विकतो. मालकीणबाई तेच पुस्तक हातात धरून फोटो काढून घेते. तो फोटो इग्नेशियसच्या हाती लागतो, आणि बोएथियस वाचणारी विदुषी या शहरात आहे म्हणून तो हरखून बारमध्ये जाऊन पोचतो. तिथे जो गोंधळ उडतो त्यातून मालकीण गजाआड जाते आणि शिक्षा भोगणारा मॅन्क्युसो शूर ठरतो. एका पुस्तकाने एवढ्या हातांतून प्रवास केला आणि प्रत्येक हाताने त्याचा वेगळाच उपयोग केला. याला विणकाम म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

मिस ट्रिक्सीचं बघा. ‘लीव्ही पँट्स’ या डबघाईला आलेल्या कारखान्यात ही ऐंशी उलटलेली बाई नोकरीला आहे. तिला फक्त निवृत्ती हवी आहे. मालकाच्या बायकोने टपालाने मानसशास्त्राचा अभ्यासक्रम केलेला असल्यामुळे, काम बंद झालं की म्हातारी खचेल असं तिचं ठाम मत. म्हणून बाईंना निवृत्ती नाही. त्या टेबलावर डोकं टेकून झोपतात, जाग आली की ‘मी निवृत्त झाले का?’ असं विचारतात. वाचक दोन-तीनदा हसतो आणि मग म्हणतो, झालं की आता, तेच तेच किती वेळा. तोच वाचक शेवटाकडे पोचला असता तर त्याला कळलं असतं की हे ‘तेच तेच’ कशासाठी होतं. याच कारखान्यात नोकरीला असताना इग्नेशियसने मालकाच्या नावाने एका व्यापाऱ्याला शिवराळ पत्र पाठवलेलं असतं आणि त्या व्यापाऱ्याने पाच लाख डॉलरचा दावा ठोकलेला असतो. मालक चौकशीला येतो तेव्हा इग्नेशियस बेधडक सांगतो की पत्र मिस ट्रिक्सीने लिहिलं. आणि बाई कबूल करतात! कारण त्यांना एकच दिसत असतं, आता तरी काढून टाकतील. भ्रम झालेल्या म्हातारीवर दावा कोण चालवणार? कारखाना वाचतो, बाईंना निवृत्ती मिळते. सुरुवातीपासून थट्टा वाटत आलेली एका थकलेल्या बाईची मागणी सगळ्या गुंत्याची गाठ सोडवते. पन्नास पानांवर पुस्तक मिटून ‘गोष्टच नाही’ म्हणणाऱ्याला हे दिसणार कसं? पेरणी बघून शेत रिकामं आहे असा निवाडा द्यायचा आणि कापणीला फिरकायचंच नाही, यात दोष शेताचा नाही.

आता नायकाकडे येऊ. इग्नेशियस ढेकर देतो, आईच्या जिवावर खातो, तिला घालून पाडून बोलतो, सिनेमाला जाऊन पडद्यावर ओरडतो, खोटं बोलतो, काम टाळतो आणि जगातल्या प्रत्येकाला तुच्छ लेखतो. तो आवडत नाही, असं वाचक म्हणतात. बरं मग? आवडावा असं ठरलं कुठे होतं? त्याच्याशी कुणाला सोयरीक जुळवायची आहे का? कादंबरीतला माणूस जिवंत आहे का आणि त्याच्या हालचालीतून त्याच्या भोवतालची माणसं उघडी पडतात का, एवढंच विचारायचं असतं. इग्नेशियस इतका जिवंत आहे की तो खोलीत आला की भिंती आकसतात. त्याची कानपट्ट्यांची हिरवी टोपी, पोटातली ती झडप जी जगाने त्याला दुखावलं की बंद पडते, केकसाठीचा हावरटपणा, शाळकरी वह्यांमध्ये चाललेलं जगाचं उच्चाटन. वर तो ढोंगी आहे. गेल्या काही शतकांत झालेल्या सगळ्याला नावं ठेवतो आणि दूरदर्शन संच, सिनेमा, थंड पेयं यांच्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. आपल्याच घरात, आपल्याच नात्यागोत्यात असा एखादा भेटलेला नाही असं छातीठोकपणे सांगणारा मराठी वाचक मला दाखवा.

आवडणारा विनोदी नायक ही आपली सवय आहे, नियम नव्हे. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाने आणि पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ने आपल्याला प्रेमळ हसण्याची गोडी लावली, आणि त्याबद्दल मी कायम कृतज्ञ आहे. पण एका प्रकारच्या उत्तम विनोदावर वाढलेल्या वाचकाने बाकी सगळ्या विनोदाला त्याच मापाने मोजावं हे कुठलं तारतम्य? शिवाय आपल्याकडे फक्त प्रेमळ हसणंच होतं असंही नाही. तमाशातला सोंगाड्या खादाड असतो, भित्रा असतो, राजाला तोंडावर टोमणे मारतो, बतावणीत कुणाचीही भीड ठेवत नाही. समोर बसलेल्या शेतकऱ्याने कधी ‘हा माणूस मला आवडत नाही’ म्हणून वग अर्ध्यावर सोडला का? त्याला माहीत होतं की सोंगाड्या आवडून घ्यायला नाही, पितळ उघडं पाडायला उभा आहे. शिकलेल्या वाचकाने हे शहाणपण कुठे हरवलं?

‘असं कुठे असतं का?’ याचं उत्तर तर न्यू ऑर्लिन्सनेच देऊन ठेवलं आहे. टूलने तयार कपड्यांच्या एका कंपनीत काम केलं होतं, मित्राच्या बदली गाडीवर तमाले हे खाण्याचे पदार्थही विकले होते. लुइझियानातल्या लाफाएत इथे तो शिकवत असताना त्याचा एक सहकारी प्राध्यापक मध्ययुगाचा जाणकार होता, बोएथियसचा भक्त होता आणि कपड्यांच्या बाबतीत अगदी अजागळ. न्यू ऑर्लिन्सची बोली, तिचे हेल, गल्लीगल्लीनुसार बदलणारा उच्चार टूलने इतका नेमका पकडला आहे की तिथले लोक अजूनही या कादंबरीला आपल्या शहराचं पुस्तक मानतात. कॅनॉल स्ट्रीटवर, जिथे कादंबरी सुरू होते त्या जुन्या दुकानाच्या घड्याळाखाली, इग्नेशियसचा पुतळा उभा आहे. न पटणाऱ्या पात्राचा पुतळा गावकरी उभारत नाहीत.

मग हळूच निघतो तो आक्षेप ज्याची मला सर्वांत जास्त किळस वाटते: लेखकाने आत्महत्या केली म्हणून पुस्तक चाललं, आईची धडपड वाचून लोकांना गहिवर आला, एवढंच. हे बोलणारा एका वाक्यात मेलेल्या माणसाचाही अपमान करतो आणि हसलेल्या लाखो वाचकांचाही. खोडून काढायलाही ते सोपं आहे. टूलची आणखी एक कादंबरी आहे, ‘द निऑन बायबल’. ती त्याने सोळाव्या वर्षी लिहिली आणि १९८९ मध्ये ती छापली गेली. लेखक तोच, शोकांतिका तीच, आई तीच, शिवाय तोवर नावाला पुलित्झरचं वलयही आलेलं. गहिवराने पुस्तकं चालत असती तर हिच्याही वाट्याला तेच प्रेम आलं असतं. आलं नाही. तिच्यावर १९९५ साली चित्रपट निघाला, तरीही ती टूलच्या अभ्यासकांपुरतीच राहिली. कारण ती एका हुशार मुलाने लिहिलेली पोक्त कादंबरी आहे, आणि ‘कॉन्फेडरसी’ अशी आहे की जिच्यासारखं त्याआधी कुणी लिहिलं नव्हतं. वाचकाने निवड केली ती पुस्तक वाचून केली.

एका बाबतीत मात्र मी हट्ट धरणार नाही. समलिंगी पात्रांचं चित्रण टूलने त्या काळच्या ठोकळ्यांतूनच काढलं आहे, आणि आज ती पानं वाचताना खडे लागतात. एवढं मान्य. पण त्यावरून ‘कादंबरी कालबाह्य झाली, वंशवादी माणसाने लिहिली’ इथवर उडी मारणाऱ्यांनी बर्मा जोन्सची पानं पुन्हा वाचावीत.

आणि ‘यातून सांगायचंय काय’ याचं उत्तर हवं असणाऱ्यांनीही तीच वाचावीत. जोन्स हा काळा तरुण, काळा चष्मा लावून सिगारेटच्या धुराच्या ढगात वावरणारा. ‘नाइट ऑफ जॉय’मध्ये तो झाडू मारतो, आठवड्याला वीस डॉलरवर. कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाहून हे कमी आहे हे त्यालाही माहीत आहे आणि मालकिणीलाही. तरी तो सोडून जाऊ शकत नाही, कारण काम नसलेला काळा माणूस रस्त्यावर दिसला की पोलीस त्याला भटक्या म्हणून आत टाकू शकतात. मालकीण त्याला उघड उघड याच धाकात ठेवते. एका बाजूला पदवी असलेला, आईचं घर असलेला गोरा इग्नेशियस काम न करणं ही आपली तात्त्विक भूमिका म्हणून मिरवतो. दुसऱ्या बाजूला काम न करण्याची चैन जोन्सला तुरुंगात नेणारी आहे. एकाचा आळस विनोद ठरतो, दुसऱ्याचा गुन्हा. टूलने यावर एक ओळ भाष्य केलेलं नाही. जोन्स झाडू मारतो, धूर सोडतो, असं तिरकस बोलतो की वाचक हसत सुटतो, आणि दोन पानांनी ते हसू घशात अडकतं. असे भटकेपणाचे कायदे किती मनमानी असतात हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९७२ साली, जॅक्सनविल शहराच्या खटल्यात म्हणावं लागलं. टूलने ते त्याच्या कितीतरी आधी एका झाडूवाल्याच्या तोंडून म्हणून ठेवलं होतं, आणि तेच हस्तलिखित ‘कशाबद्दलच नाही’ म्हणून पडून होतं.

कादंबरीत कामगार आहेत, त्यांच्या नावाने बेडशीटवर घोषणा रंगवून मोर्चा काढणारा आणि त्यांच्याविषयी काडीचंही प्रेम नसलेला पुढारी आहे. ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवून घाबरणारा म्हातारा आहे. परोपकाराच्या नावाखाली म्हातारीला विश्रांती नाकारणारी मालकाची बायको आहे. शेवटी तर आईच आपल्या पोराला मनोरुग्णालयात धाडायला तयार होते, आणि रुग्णवाहिका दाराशी यायच्या आत तो मैत्रिणीच्या मोटारीतून पळतो. वाचक तिथे सुटकेचा निःश्वास टाकतो. ज्याला तीनशे पानं आपण नकोसा म्हणत होतो, तो सुटावा असं आपल्याला का वाटतं? हे वाटायला लावणं हे काय कमी काम आहे? पण तात्पर्य हवं असलेल्या वाचकाला ते तळटिपेसारखं वेगळं काढून दिलेलं लागतं. तो हसतो आणि हसल्याबद्दल लेखकाकडे पावती मागतो.

ही सवय निरुपद्रवी असती तर मी इतका चिडलो नसतो. तिची किंमत नवे लेखक मोजतात. १९७४ साली मराठीत किरण नगरकरांची पहिली कादंबरी आली, ‘सात सक्कं त्रेचाळीस’. मोडकीतोडकी रचना, काळा विनोद, कुणालाही गोंजारत न बसणारी भाषा. आपल्याकडे तिचं स्वागत किती थंडपणे झालं आणि प्रती किती वर्षं पडून राहिल्या, हे नगरकर पुढे अनेकदा बोलून दाखवत. त्यांच्या नंतरच्या कादंबऱ्या इंग्रजीत आल्या. त्यातल्या ‘ककल्ड’ला २००० साली इंग्रजीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माणूस मुंबईचा, मराठी त्याच्या हाडात, आणि त्याची मोठी कादंबरी आपल्या भाषेत लिहिली गेली नाही. याला अनेक कारणं असतील. पण पहिल्याच पुस्तकाला ‘हे काय आहे?’ म्हणून पाठ फिरवणारा वाचक त्या कारणांत नव्हता असं कुणी म्हणू नये.

हसू न येणं हा कुणाचाही हक्क आहे. ‘मला हसू आलं नाही’ म्हणा, मी एक शब्द बोलणार नाही. ‘यात हसण्यासारखं काहीच नाही’ म्हणालात तर ते पानापानावरून सिद्ध करा. पुस्तक पुरं वाचून करा, आणि जी मापं तुम्ही काफ्काला, बेकेटला लावता तीच लावून करा. नव्या लेखकाने आधी दुःख दाखवावं, युद्ध दाखवावं, नायकाला थोडं गोड करावं, शेवटी चार ओळींचा बोध द्यावा आणि मग हसवण्याची परवानगी मागावी, ही अट मला मान्य नाही. टूलला ती मान्य करता आली असती. जोन्सचा धूर पुसून त्याच्या तोंडी भाषण घालता आलं असतं, मिस ट्रिक्सीला दोनच प्रसंग देऊन मोकळं करता आलं असतं, इग्नेशियसला शेवटी आईच्या पाया पडायला लावता आलं असतं. मग कादंबरी १९६५-६६ मध्येच छापली गेली असती, चार लोकांनी तिला हृद्य म्हटलं असतं आणि आज तिचं नाव घेणारा एक माणूस सापडला नसता.